एका क्लिकमध्ये सारे प्रोग्रॅम बंद

वीज जाते, यूपीएसची शिट्टी सुरू होते आणि संगणकासमोरील माणसाच्या हाती जेमतेम काही मिनिटे उरतात. २००५ नंतरच्या दीर्घ भारनियमनाच्या वर्षांत जालना, अंबड, भोकरदन येथील टायपिंगच्या दुकानांना आणि आडत्यांच्या पेढ्यांना हा प्रसंग नवा नव्हता. पडद्यावर हिशेब उघडा, शेजारी अर्धवट टंकलेला अर्ज, मागे इंटरनेटच्या चार-पाच खिडक्या. एकेक 'फुली' दाबत बसण्यास सवड कोणाला? सारे प्रोग्रॅम एकदम बंद करणाऱ्या मोफत युटिलिटी अशा वेळी हव्याशा वाटतात.

'पीसी मॅगझिन' या अमेरिकी नियतकालिकाची 'एंडइटऑल' ही त्यांतली जुनी युटिलिटी. 'एनटीविंड'ची 'क्लोजऑल' फारच सुटसुटीत आहे. चालू प्रोग्रॅमची यादी ती समोर ठेवते. त्यातील हवे ते वगळावेत, बाकीचे एका क्लिकसरशी मिटतात.

मात्र बंद करण्याचे दोन प्रकार आहेत आणि खरी मेख तेथेच आहे. पहिल्या प्रकारात प्रोग्रॅमला 'आता आटोपते घ्या' असा निरोप जातो. काम सेव्ह केलेले नसेल तर तो थांबून विचारतो. दुसऱ्या प्रकारात विचारणा नाही; प्रोग्रॅम जागीच संपवला जातो आणि सेव्ह न केलेला मजकूर त्याच्यासोबत जातो. विंडोजमधील 'टास्ककिल' ही आज्ञा साध्या रूपात निरोप धाडते, पण तिला 'एफ' हा पर्याय जोडला की सक्ती करते. गोठलेल्या प्रोग्रॅमसाठी ही सक्ती योग्य, चालू हिशेबासाठी घातक.

नवे सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी किंवा मेमरी अपुरी पडून संगणक रेंगाळू लागल्यास या युटिलिटी उपयोगी पडतात. वीज गेल्यावर मात्र त्यांची गरजच नसते. संगणक बंद करण्याची आज्ञा दिली की विंडोज स्वतःच प्रत्येक प्रोग्रॅमला तो निरोप पाठवते. घाईत 'तरीही बंद करा' हे बटण तेवढे दाबू नये. त्याहून सोयीचा 'हायबरनेट' हा पर्याय: उघडे असलेले सर्व काम जसेच्या तसे हार्डडिस्कवर उतरते, संगणक पूर्ण बंद होतो आणि वीज आल्यावर अर्ज त्याच ओळीवर उघडतो. विंडोज १० आणि ११ मध्ये तो बहुधा दिसत नाही. कंट्रोल पॅनलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन एकदा सुरू करून ठेवावा लागतो.