प्रिंटर घरातच, तरी सापडेना!

पळसदरीत रात्री एखाद्या कागदाची प्रिंट हवी झाली, तर पंचाईत होते. कर्जत रेल्वेने एकच स्टेशन, पण खोपोलीच्या लोकल मोजक्या आणि झेरॉक्सची दुकाने तोवर बंद. सकाळी परीक्षेचे हॉल तिकीट लागणार असते, किंवा दवाखान्यात दाखवायचा रिपोर्ट. अशाच वेळेसाठी घरात प्रिंटर घेतलेला असतो. आणि नेमका तोच, नवे मेश वायफाय बसवल्या दिवसापासून 'ऑफलाइन' दिसू लागतो. इंटरनेट मात्र पूर्वीपेक्षा झकास चालते, म्हणून संशय प्रिंटरवरच जातो. बहुतेक वेळा तो निर्दोष असतो.

मेश म्हणजे एका राउटरऐवजी घरभर ठेवलेले, एकमेकांशी बोलणारे दोन-तीन डबे. जाड भिंतींच्या घरांत त्यांचा उपयोग होतो. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ लहरी भिंतीत लवकर अडतात, २.४ गिगाहर्ट्झच्या जास्त लांब पोहोचतात. घरगुती वापराचे अनेक प्रिंटर फक्त २.४ चेच असतात.

घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. फायबर कनेक्शनबरोबर मिळालेला डबा बहुधा स्वतःच राउटर असतो. त्याला मेश जोडले की घरात दोन राउटर होतात आणि दोघेही आपापले पत्ते वाटतात. एक १९२.१६८.१ ने सुरू होणारे, दुसरा १९२.१६८.६८ किंवा तसेच काही. प्रिंटर जुन्या नेटवर्कवर बसून राहतो, लॅपटॉप नव्यावर जातो. प्रिंटर शोधताना लॅपटॉप आपल्या नेटवर्कभर हाळी देतो, पण ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. एकाच घरात मधले दार बंद असावे, तसे हे.

खात्री करणे सोपे आहे. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती असलेले पान छापावे आणि त्यावरचा आयपी पत्ता फोनच्या वायफाय सेटिंगमधल्या पत्त्याशी ताडून पाहावा. घरगुती नेटवर्कमध्ये पहिले तीन आकडे सहसा सारखेच असतात. ते वेगळे निघाले, तर प्रिंटर मेशच्या नावाला नव्याने जोडावा आणि जुन्या डब्याचे वायफाय बंद करावे. किंवा मेशच्या ॲपमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' मोड निवडावा. मग पत्ते वाटणारा एकच राहतो. 'गेस्ट' नेटवर्कवर प्रिंटर जोडू नये, तिथे उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम दूर ठेवलेले असते.

पासवर्ड बरोबर असूनही प्रिंटर जोडलाच जात नसेल, तर सुरक्षेची सेटिंग पाहावी. डब्ल्यूपीए३ ही पद्धत २०१८ मध्ये आली, जुन्या प्रिंटरना ती कळत नाही. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय ठेवला की काम होते.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. वीज जाऊन आली की सगळी उपकरणे नव्याने सुरू होतात आणि प्रिंटरला कधी कधी वेगळाच पत्ता मिळतो. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. त्यासाठी ॲपमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून प्रिंटरचा पत्ता कायम करावा, मग लॅपटॉपमधून प्रिंटर काढून पुन्हा जोडावा. चिडून राउटरच्या मागच्या रिसेटच्या भोकात टाचणी घालू नये. त्याने इंटरनेटही बंद पडू शकते!

आणि हॉल तिकीट उद्याच हवे असेल, तर हे सारे रविवारसाठी ठेवावे. खोक्यातली यूएसबी केबल शोधावी. तीही हरवली असेल, तर अनेक प्रिंटर 'डायरेक्ट' अशा नावाचे स्वतःचे वायफाय दाखवतात. फोन त्यालाच जोडून प्रिंट काढता येते, राउटर मध्ये येतच नाही.