वन्यजीव संशोधनाची वाट : प्रश्न आधी, प्राणी नंतर

आजचा विषय खरं तर तुम्हीच निवडलेला आहे. व्याख्यान कुठलंही असो, शेवटी एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा कधी बारावी झालेला असतो, कधी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करत असतो, कधी बऱ्या पगारावरचा सॉफ्टवेअर इंजिनिअर असतो. ‘वाघावर संशोधन करायचंय, कुठे प्रवेश घेऊ?’ आणि त्यामागोमाग, जरा दबक्या आवाजात, आईवडिलांचा प्रश्न: ‘पण यात पोट भरतं का हो?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, दोन्हींकडे येऊ. पण त्याआधी आम्ही एक संशोधन जरा सविस्तर सांगणार आहोत. या क्षेत्रात विद्यार्थी नेमकं काय करतो हे कळल्याशिवाय संस्थांची नावं सांगण्यात अर्थ नाही. ती नावं तर मोबाइलवरही सापडतात.

जुन्नरची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला आणि उसात बिबटे राहू लागले. २००१ च्या सुमारास माणसांवरचे हल्ले वाढले, तेव्हा वनखात्याने पिंजरे लावले. पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडले. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बिबट्या जंगलातला, त्याला जंगलात सोडला, झालं. तुम्हीआम्हीही तेच केलं असतं.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या नोंदी एकत्र करून तपासल्या. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबटे हलवण्याची मोहीम सुरू होण्याआधी जुन्नर वनविभागात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहिमेच्या काळात, म्हणजे २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाणही दुपटीवर गेलं. म्हणजे बघा, सुरक्षेसाठी केलेल्या उपायाच्या काळातच धोका वाढला. अनोळखी मुलखात सोडलेला, माणसांनी हाताळलेला, भेदरलेला प्राणी काय करेल, याचा अंदाज कुणी केलेलाच नव्हता. हे आकडे नुसते आकडे नव्हेत. त्यातला एकेक आकडा म्हणजे कुणाचं तरी लेकरू किंवा कुणाची तरी म्हातारी आई आहे.

मग पुढचा प्रश्न आला. हे बिबटे ‘चुकून’ शेतात आलेले आहेत, की इथेच राहतात? त्यासाठी अहमदनगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरमधल्या, अकोले परिसरात कॅमेरे लावले गेले. तिथे अभयारण्य नाही, हरणांचे कळप नाहीत. ऊस, भाजीपाला, वस्त्या, आणि चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले: दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे. आणि तरसही जवळपास तेवढेच! लोकांच्या घरामागे रात्री एवढी वर्दळ चालू होती.

हे मोजलं कसं? इथे जरा थांबू या, कारण या क्षेत्रातलं निम्मं शिक्षण या ‘कसं’मध्ये आहे. समजा, गावच्या तळ्यात मासे किती ते मोजायचंय, पण तळं उपसायचं नाही. जाळं टाकलं, ५० मासे आले. त्यांच्यावर खूण करून सोडून दिले. काही दिवसांनी परत जाळं टाकलं. पुन्हा ५० आले, त्यात खुणेचे निघाले १०. म्हणजे दर पाचांत एक खुणेचा. खुणेचे एकूण ५०, तर तळ्यात मासे साधारण २५०. बिबट्याला खूण करायची गरजच नाही, ती त्याच्या अंगावर जन्मजात असते. ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. पहिला फोटो म्हणजे ‘पकडला’, दुसरा फोटो म्हणजे ‘परत पकडला’. बाकी हिशोब माशांचाच.

अर्थात प्रत्यक्षात तो इतका सरळ नसतो. नर जास्त फिरतो, एखादी मादी कॅमेऱ्याजवळ फिरकतच नाही, मोजणीच्या काळात कुणी येतं, कुणी जातं. म्हणून संख्याशास्त्र लागतं. आमच्या अनुभवात मुलं साप, उन्हाळा, जळवा यांना घाबरत नाहीत, संख्याशास्त्राला घाबरतात. ती भीती पहिल्याच वर्षी घालवावी लागते.

आणि बिबटे खातात काय? त्यासाठी विष्ठा गोळा करायची, धुवायची, वाळवायची आणि त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. वन्यजीव संशोधनाचं हे रूप कॅलेंडरवर छापलं जात नाही! अकोल्यातल्या या कामातून दिसलं की बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के पाळीव आणि गावातले प्राणी होते, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच. कारण शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते आणि कुत्रं मोकळं फिरतं. म्हणजे भक्कम गोठा आणि गावातला कचरा हे दोन्ही बिबट्याच्या व्यवस्थापनाचे विषय झाले. हे जंगलात बसून कळलं नसतं.

याच कामातला एक बिबट्या पुढे सिनेमात गेला. २००९ मध्ये विहिरीतून काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईजवळच्या जंगलापर्यंत पोहोचला. सिनेमा जरूर बघा, पण विद्यार्थी म्हणून त्यातला पट्टा बघा. पट्ट्यामुळेच त्याची वाट कळली.

हे एवढं सांगितलं, कारण मराठी मुलांसाठी यात एक फार मोठी गोष्ट दडलेली आहे. ‘वाघावर काम करायचंय’ हा प्रश्न नव्हे, ती इच्छा आहे. ‘हलवलेले बिबटे हल्ले कमी करतात का?’ हा प्रश्न. आणि असे प्रश्न आपल्या आजूबाजूला पडलेले आहेत. सोलापूरच्या माळावर लांडगा आणि भटकी कुत्री यांचं काय चाललंय? धनगराच्या वाड्याशी लांडग्याचं नातं काय? साधा रानपिंगळा घ्या. १८८४ नंतर त्याचा एकही विश्वासार्ह नमुना नव्हता, पक्षी संपला असंच धरलं होतं. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि मग तो खातो काय, घरटं कुठे करतो, इथपासून अभ्यास सुरू करावा लागला. अशा कामात जुन्नरची बोली, धनगरांचे शब्द, कोरकू किंवा भिली कानावर असणं, हे कॅमेऱ्याइतकंच महत्त्वाचं हत्यार आहे. परदेशातून आलेला संशोधक दुभाष्यामार्फत जे विचारतो, ते तुम्ही पारावर बसून, चहा पीत विचारता. हे भांडवल कमी समजू नका.

आता संस्था. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ ची. तिथली वन्यजीवशास्त्रातली एम.एस्सी. या क्षेत्रातली जुनी आणि नावाजलेली. कोइमतूरचं सालिम अली केंद्र आता तिच्याच छत्राखाली आलं आहे. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये २००४ पासून वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाची एम.एस्सी. आहे. जागा मोजक्या आणि प्रवेश एक वर्षाआड, तेव्हा आपलं वर्ष कुठलं ते आधी बघा. तिथे पदवी कुठल्या शाखेची ते आडवं येत नाही. पीएचडीसाठी बंगळुरूतच अत्री ही संस्था आणि भारतीय विज्ञान संस्थेचं परिसरविज्ञान केंद्र. घराजवळ म्हणाल तर १८८३ पासूनची मुंबईची बीएनएचएस आणि पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था. सालिम अलींच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी व्ही. सी. आंबेडकर यांनी आपल्या साध्या सुगरणीवरच प्रबंध केला होता, हेही जाता जाता.

इंजिनिअर मंडळींसाठी: उल्हास कारंत मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात वन्यजीव विषयात एम.एस. केलं आणि पुढे नागरहोळेत वाघांच्या पट्ट्यांवरून, आत्ता सांगितलेल्या माशांच्या हिशोबाने, वाघ मोजून दाखवले. तो शोधनिबंध १९९५ चा. त्याआधी आपल्याकडे पावलांच्या ठशांवरून गणती होत असे. या माणसाला इंजिनिअरिंग वाया गेलं असं कोण म्हणेल?

अमेरिकेत जायचं असेल तर एक फरक लक्षात घ्या. तिथे बहुधा आधी विभागाचा नाही, प्राध्यापकाचा होकार लागतो. त्याच्याकडे प्रकल्प आणि पैसा असेल तर सहायकाची नेमणूक मिळते. शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम करायचं, त्यात फी आणि राहणं भागतं. घर गहाण टाकून स्वखर्चाने या विषयात परदेशी एम.एस. करावं, असं आम्ही कुणालाही सांगणार नाही.

इथला पैसा? नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. ती नसेल तर केंद्रीय विद्यापीठात पीएचडीला ८,००० रुपये. या दोन आकड्यांतलं अंतर बघा आणि नेटचा अभ्यास कधी सुरू करायचा ते ठरवा. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडीसाठी अधिछात्रवृत्त्या आहेत, पात्र असाल तर अर्ज जरूर करा. कायम नोकऱ्या थोड्या. बरेच जण वर्षानुवर्षं प्रकल्पामागून प्रकल्प करत राहतात. आईवडिलांना हे आधीच सांगितलेलं बरं. पोट भरतं, पण तिशी उलटेपर्यंत बेताचंच.

दुसरी अडचण परवानगीची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ नुसार अभयारण्यात संशोधनासाठी शिरायला परवाना लागतो. संरक्षित प्राणी पकडायचा, पट्टा बांधायचा, तर कलम १२ खाली आणखी वेगळा. आपल्या राज्यात हे अर्ज नागपूरला, मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातात आणि उत्तर यायला कित्येक महिने लागू शकतात. एम.एस्सी.चा प्रबंध जेमतेम काही महिन्यांचा. परवान्याची वाट पाहण्यातच हंगाम गेलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. म्हणून एम.एस्सी.साठी मार्गदर्शकाच्या चालू प्रकल्पातला, आधीच मंजूर असलेला एखादा तुकडा घ्या. किंवा शेतातल्या, रस्त्याकडेच्या, तळ्यावरच्या प्रश्नाला हात घाला. मात्र कॅमेरे लावणार असाल तर तिथेही वनखात्याला आणि शेतमालकाला विचारूनच.

राहिला मार्गदर्शक. संस्थेच्या नावापेक्षा तो जास्त महत्त्वाचा, असं आमचं ठाम मत आहे. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. विचारा: प्रबंध किती वर्षांत संपला, शोधनिबंधावर तुमचं नाव पहिलं आलं का, फील्डवर आजारी पडलात तेव्हा काय झालं, मुलींसाठी राहण्याची सोय कशी होती. तो बोलताना कुठे अडखळतो तेही ऐका.

मग मेल लिहा. ‘मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका, सगळे तीच करतात. त्या व्यक्तीचे दोन शोधनिबंध पूर्ण वाचा, त्यातलं काय पटलं आणि कुठे शंका आली ते चार ओळींत लिहा. तुमचा परिसर, तुम्हाला येणाऱ्या भाषा आणि तुम्ही स्वतः केलेल्या नोंदी सांगा. घरामागच्या ओढ्यावरच्या एका वर्षाच्या पक्षीनोंदी असल्या तरी त्या जोडा, तारखांसकट. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यानंतर दुसऱ्याला लिहा.