बूढापाऱ्याचा तलाव आणि पर्यटनशास्त्राची प्रमेये

पर्यटनाचा शास्त्र म्हणून अभ्यास विसाव्या शतकात आकाराला आला, आणि त्याची बहुतेक प्रतिमाने युरोप व उत्तर अमेरिकेतील सागरकिनारे, हिमशिखरे व विश्रामनगरे डोळ्यांपुढे ठेवून रचली गेली. त्यामुळे जिथे तलाव, शाळा, मंदिर, बाजार आणि राहती घरे एकमेकांना खेटून उभी आहेत अशा भारतीय वस्तीत ही प्रतिमाने कितपत टिकतात, हे पडताळून पाहणे आवश्यक ठरते. रायपूर शहरातील बूढापारा ही अशीच वस्ती आहे. छत्तीसगडच्या राजधानीचा हा जुना भाग बूढा तलावाच्या काठी वसलेला असून, हा तलाव कलचुरी राजा ब्रह्मदेव याच्या काळातील असल्याचे मानले जाते, आणि त्याच्या नावाचा संबंध गोंड समाजाच्या बूढादेव या दैवताशी जोडला जातो.

पर्यटनाच्या आरंभीच्या व्याख्यांपैकी सर्वाधिक प्रभावी व्याख्या हुन्झिकर व क्राफ या स्विस अभ्यासकांनी १९४२ मध्ये मांडली. परक्या ठिकाणच्या व्यक्तींचा प्रवास व मुक्काम यांतून निर्माण होणाऱ्या संबंधांची व घटनांची बेरीज म्हणजे पर्यटन, मात्र तो मुक्काम कायमचा नसावा आणि अर्थार्जनाशी जोडलेला नसावा, असा तिचा आशय आहे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी व्यवस्थेने ‘नेहमीचा परिसर’ ही कल्पना केंद्रस्थानी आणली, म्हणजे व्यक्ती रोज जिथे राहते, काम करते व वावरते ते क्षेत्र. त्याबाहेर सलग एका वर्षाहून कमी काळ राहणारा, आणि भेट दिलेल्या ठिकाणी नोकरीसाठी न आलेला प्रवासी पर्यटनाच्या गणनेत धरला जातो. या दोन्ही कसोट्या बूढापाऱ्याच्या सर्वांत प्रसिद्ध पाहुण्याला लावल्या असता तो पर्यटक ठरत नाही. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला परिचित झालेला नरेंद्रनाथ दत्त १८७७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, आईसह रायपूरला आला, कारण कोलकात्याचे वकील असलेले त्याचे वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त येथे राहत होते, आणि १८७९ पर्यंत हे कुटुंब येथेच होते. तो मुक्काम वर्षाहून मोठा होता आणि पित्याच्या व्यवसायाशी बांधलेला होता. असे असूनही आज बूढापाऱ्यात येणाऱ्या बाहेरगावच्या माणसाला जे पाहायचे असते ते बव्हंशी याच मुक्कामातून उगवलेले आहे.

नील लाइपर याने १९७९ मध्ये मांडलेले पर्यटन-व्यवस्थेचे प्रतिमान येथे उपयोगी पडते. त्यानुसार पर्यटन ही प्रवासी, उगम-प्रदेश, मधला मार्ग, गंतव्य-प्रदेश आणि या सर्वांना सेवा पुरवणारा उद्योग अशा पाच घटकांची व्यवस्था असून, यांपैकी एक घटक बदलला की इतर सर्व बदलतात. १८७७ साली कोलकात्याहून रायपूरला थेट रेल्वे नव्हती. चरित्रकारांच्या सांगण्यानुसार दत्त कुटुंब अलाहाबाद व जबलपूरमार्गे नागपूरपर्यंत आगगाडीने आले, आणि तेथून पुढचा पंधरवड्याहून अधिक दिवसांचा प्रवास त्यांनी बैलगाडीने, दाट जंगलातून केला. याच वाटेत डोंगराच्या कपारीतील मधमाश्यांचे प्रचंड पोळे पाहून त्या मुलाची भावसमाधी लागली, असा उल्लेख चरित्रांत येतो, आणि स्थानिक परंपरा ते ठिकाण आजच्या गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा परिसरात दाखवते. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर–छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत पोहोचली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती रुंद करून पूर्वेकडे वाढवली, आणि नागपूर ते रायपूर हे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर काही तासांवर आले. पण त्याबरोबर वाटेवरचे जंगल गाडीच्या खिडकीतून मागे सरणाऱ्या दृश्यापुरते उरले. लाइपरच्या आकृतीत मार्ग ही दोन प्रदेशांना जोडणारी साधी रेघ असते. या प्रवासात मात्र सर्वांत तीव्र अनुभव त्या रेघेवरच घडला, आणि प्रतिमानाची ही उणीव मान्य केलीच पाहिजे.

माणूस प्रवासाला का निघतो याचे उत्तर ग्रॅहम डॅन (१९७७) व जॉन क्रॉम्प्टन (१९७९) यांनी ‘ढकल’ आणि ‘ओढ’ अशा दोन प्रकारच्या प्रेरणांत शोधले: घरून बाहेर पडायला लावणारी मनाची गरज ही ढकल, आणि ठिकाणाचे गुण ही ओढ. नागपूर-विदर्भातून रायपूरला जाणाऱ्या मराठी माणसाच्या बाबतीत ही विभागणी अपुरी पडते, कारण त्याला बहुधा बोलावतात ते तिथले आप्त. आप्तभेटीचा प्रवास हा पर्यटनाभ्यासाने उशिरा दखल घेतलेला प्रकार असून, छत्तीसगडात त्याची मुळे नागपूरकर भोसल्यांच्या काळापर्यंत जातात. १७४१ मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांच्या स्वारीने छत्तीसगडची तेव्हाची राजधानी रतनपूर मराठ्यांच्या ताब्यात आली, बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात तेथून कारभार पाहिला, आणि त्या ओघात आलेल्या घराण्यांच्या खुणा रायपूरच्या तात्यापारासारख्या मोहल्ल्यांत आजही आढळतात.

बूढापाऱ्याला सर्वांत जवळून लागू पडणारा सिद्धान्त डीन मॅककॅनेल याचा आहे. १९७६ च्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की पर्यटकाला खेचणारे स्थळ स्वतःहून आकर्षक नसते. पाहणारा, पाहण्याची वस्तू आणि त्या वस्तूविषयी काही सांगणारी खूण, म्हणजे पाटी, पुतळा, माहितीपत्रक किंवा केवळ एखादे नाव, या तिन्हींच्या नात्यातून आकर्षण घडते. साधी जागा प्रेक्षणीय होताना पाच अवस्थांतून जाते, असेही तो म्हणतो: नामकरण, चौकट घालून उंचावणे, त्या चौकटीलाच पावित्र्य येणे, प्रतिकृतींचा प्रसार, आणि अखेरीस समाजाने आपल्या संस्थांना ते नाव देणे. बूढा तलावाला विवेकानंद सरोवर हे नाव मिळाले, ही पहिली पायरी. तलावातील नीलाभ उद्यान या बेटावर ध्यानमुद्रेत बसलेला ३७ फुटी पुतळा उभारला गेला, ही दुसरी. काठावरून कुठूनही पाहिले तरी मध्ये पाणी असल्याने दर्शकाला अंतर राखूनच पाहावे लागते, आणि या अंतरामुळे तिसरी पायरी आपोआप साधते. छायाचित्रे सर्वत्र पोहोचली आहेत, आणि २०१२ मध्ये शहराच्या विमानतळालाही स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले, म्हणजे पाचवी अवस्थाही पूर्ण झाली.

या क्रमातील विसंगती मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या वास्तूशी दत्त कुटुंबाचा तो मुक्काम जोडला जातो ते डे कुटुंबाचे घर, म्हणजे डे भवन, खुणेच्या बाबतीत तलावाच्या मागे राहिले, आणि त्याचे स्मारक करण्याचा विषय राज्य शासनाने अगदी अलीकडे हाती घेतला. कोलकात्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल, बहुभाषाकोविद हरिनाथ डे हे याच कुटुंबातले. तरीही त्यांचे नाव सांगणारी खूण प्रवाशाच्या नजरेस सहसा पडत नाही. मूळ वस्तू गल्लीत आणि तिची खूण पाण्याच्या मधोमध, असे हे चित्र आहे.

रिचर्ड बटलर याने १९८० मध्ये मांडलेले गंतव्याचे जीवनचक्र, म्हणजे शोध, सहभाग, विकास, दृढीकरण, साचलेपण आणि त्यानंतर घसरण किंवा नवजीवन, हे अभ्यासक्रमांत सर्वाधिक शिकवले जाते, परंतु बूढापाऱ्यात त्याची वक्ररेषा काढणे अवघड आहे. तलावाचा काठ खुला आहे, आणि स्मार्ट सिटी योजनेतील सुशोभीकरणानंतर संध्याकाळी कारंजे पाहायला व फेरफटका मारायला येणारी गर्दी मुख्यतः रायपूरकरांचीच असते, जी ‘नेहमीच्या परिसरा’च्या कसोटीने पर्यटनात मोजली जात नाही. ज्यांच्यासाठी काठ सजवला गेला ते गणनेबाहेर राहतात, आणि नियोजनासाठी ही गंभीर त्रुटी आहे. जॉर्ज डॉक्सी याच्या १९७५ च्या प्रतिमानानुसार स्थानिकांची मनोवृत्ती उल्हासाकडून उदासीनतेकडे, चिडीकडे आणि शेवटी वैराकडे सरकते. बूढापाऱ्यात ही चीड खरोखर दिसली, पण ती पर्यटकांविषयी नव्हती. अनेक वर्षे हा तलावकाठ राज्यभरातील आंदोलकांचे धरणेस्थळ होता, ध्वनिवर्धक व वाहतूककोंडी यांमुळे रहिवासी व व्यापारी त्रासले, आणि अखेर धरणेस्थळ नवा रायपूरमधील तूता येथे हलवण्यात आले. एका जागेवर किती माणसांचा भार सोसता येतो ही वहनक्षमतेची कल्पना केवळ पर्यटकांच्या संख्येवर बेतली, तर अशा वस्तीत ती फसणारच.

याच परिसरात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू करताना त्यांच्यासोबत रामराव चिंचोलकर संपादक म्हणून होते आणि रायपूरचे वामन बळीराम लाखे प्रकाशक होते. छत्तीसगडच्या हिंदी पत्रकारितेचा हा आरंभ तीन मराठी माणसांच्या हातून झाला. पुढे सप्रे यांनी ‘दासबोध’ व टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. मॅककॅनेलच्या क्रमाने पाहता सप्रे आणि लाखे यांच्या बाबतीत पहिली अवस्था पूर्ण झालेली आहे, कारण शाळेला सप्रे यांचे आणि जवळच्या वस्तीला लाखे यांचे नाव आहे. नागपूरहून आप्तांकडे आलेल्या मराठी पाहुण्याला तलावकाठच्या फेरीत ही कथा सांगणारी दुसरी अवस्था मात्र अजून घडायची आहे.