एका दाताचा फरक

चेन्नईच्या अण्णा नगरातल्या बागेत एक मनोरा आहे, 135 फूट उंच. 1968 च्या व्यापार प्रदर्शनासाठी तो उभारला आणि त्याला विश्वेश्वरय्यांचं नाव दिलं. हे तेच विश्वेश्वरय्या, जे पुण्यात अभियांत्रिकी शिकले आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे देऊन गेले. मनोऱ्याच्या माथ्यावर नेणारी वाट गोल गोल फिरत चढते. सरळ शिडी लावली असती तर चाल कमी पडली असती, पण गुडघे बोलले असते. गोल वाटेनं चाल कितीतरी वाढते आणि प्रत्येक पाऊल हलकं होतं. उंची तीच, एकूण मेहनतही जवळपास तीच. अंतर जास्त देऊन जोर कमी लावायचा, एवढाच सौदा.

खाली रस्त्यावर एखादी जुनी बुलेट मोटरसायकल धडधडत जाते, तेव्हा तिच्या पोटातही हाच सौदा चालू असतो, दातांच्या हिशेबात.

बुलेट ही याच शहराची. 1955 मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडची रॉयल एनफील्ड यांनी मिळून एनफील्ड इंडिया काढली आणि उत्तरेकडच्या तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. जुन्या चार गिअरच्या, ओतीव लोखंडी इंजिनाच्या 350 बुलेटमध्ये गिअरबॉक्सच्या तोंडाशी एक छोटं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र, असतं, साधारण 16 दातांचं. मागच्या चाकाला 38 दात. दोघांना जोडणारी चेन. पुढचं स्प्रॉकेट 38 भागिले 16, म्हणजे सुमारे 2.38 फेरे घेतं, तेव्हा चाक एकदा फिरतं. वेग तेवढ्या पटीनं घटतो आणि पिळण्याचा जोर तेवढ्याच पटीनं वाढतो. वरून क्लचकडची आणखी सव्वादोन पट घट मिळवली, की चौथ्या गिअरला इंजिनाचे 5.32 फेरे होतात आणि चाकाचा एक.

आता 16 च्या जागी 18 दात बसवा. आकडा 5.32 वरून 4.73 वर येतो. कागदावर किरकोळ वाटतं ना? मला याची खरी गंमत कळली ती किलोमीटरला ठोके मोजले तेव्हा. बुलेटच्या मागच्या चाकाचा घेर दोन मीटरहून जरासा जास्त. चार स्ट्रोकचं इंजिन दर दुसऱ्या फेऱ्याला एकदा पेटतं. म्हणजे चौथ्या गिअरला एका किलोमीटरमध्ये 16 दातांवर सुमारे 1310 स्फोट होतात आणि 18 दातांवर सुमारे 1165. दोन दात वाढवले आणि दर किलोमीटरला दीडशेच्या आसपास धडधडी गळून पडल्या. बुलेटवाले ज्या ठेक्यावर जीव टाकतात, तो ठेका असा दातांनी लिहिलेला असतो.

चेन्नई सपाट शहर. समुद्राकाठी चढ कसला, उड्डाणपुलांचाच. इथे 18 दात सुखाचे: इंजिन निवांत, हादरे कमी. पण हीच गाडी घेऊन येलगिरीच्या चौदा वळणांवर गेलात, की इंजिन दम टाकू लागतं आणि खालचा गिअर टाकावाच लागतो. आपल्या आंबोली घाटातही तेच होईल. पुढे दात वाढवले की चाकाला मिळणारा ओढा घटतो. इंजिनाची ताकद दोन्ही वेळी तीच असते, फक्त ती कशी वाटून द्यायची ते बदलतं. मोकळ्या रस्त्यावरही लोभ अंगाशी येतो. वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्यानं वाढतो. दात फारच वाढवले तर चौथ्या गिअरला इंजिन तो विरोध पेलत नाही आणि गाडी आधीपेक्षा हळू पळते.

पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे साधारण सव्वादोन-अडीच दात वाढवण्यासारखं. म्हणून हात पुढच्या स्प्रॉकेटकडे जातो. जुन्या बुलेटमध्ये मागचं स्प्रॉकेट ब्रेक ड्रमशी एकसंध असल्यामुळे तर तोच रस्ता उरतो. काम मात्र चिकाटीचं, कारण पुढचं स्प्रॉकेट क्लचच्या मागे दडलेलं: तेल काढा, झाकण उघडा, क्लच उतरवा, तेव्हा कुठे ते दिसतं. दात बदलले की चेनची लांबी आणि ताणही पुन्हा बघावा लागतो. झिजलेली चेन नव्या दातांवर चढवू नये, ती नव्यालाही खाते.

लहान स्प्रॉकेटची आणखी एक बाजू आहे. चेन खऱ्या वर्तुळावर फिरत नाही, ती बहुकोनावर फिरते. त्यामुळे स्प्रॉकेट एकसारख्या गतीनं फिरत असलं तरी चेनचा वेग दर दाताला किंचित कमीजास्त होतो. 16 दातांवर हा फरक सुमारे 1.9 टक्के, 38 दातांवर जेमतेम 0.3. दात कमी तेवढी चेन अधिक थरथरते आणि लवकर झिजते.

आणि मग 17. 16 आणि 18 च्या मधला हा आकडा मला सगळ्यांत लाडका. चेनच्या कड्या नेहमीच्या जोडणीत सम संख्येत असतात. समजा 100 आहेत. पुढे 16 दात असतील तर एखादी कडी फेऱ्यामागून फेरे मारूनही त्याच चार दातांना भेटत राहते. तिचा खडबडीतपणा त्या चौघांनाच सोसावा लागतो. 17 ला मात्र 100 शी कसलाच समान विभाजक नाही. त्यामुळे प्रत्येक कडी सतराही दातांना पाळीपाळीनं भेटते आणि मगच पहिल्या दाताकडे परतते. त्यासाठी पुढचं स्प्रॉकेट शंभर वेळा फिरावं लागतं. तेवढ्यात मागचं चाक रस्त्यावर सुमारे नव्वद मीटर पुढे गेलेलं असतं.