सातवीचा निरोप : समावर्तन कीं प्रस्थान ?

वार्षिक परीक्षा जवळ आली कीं आपल्या खेड्यांतील शाळांतून एक गोड समारंभ होतो. सहावीचीं मुलें सातवीच्या मुलांस निरोप देतात. दारांत रांगोळी, सरस्वतीच्या व सावित्रीबाईंच्या तसबिरींस हार, दोन-चार भाषणें आणि शेवटीं पेढे. शिक्षक म्हणून मीं असे कितीतरी समारंभ पाहिले. सेवानिवृत्तीनंतरहि बोलावणें येतें आणि मी आनंदानें जातों.

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत माकणी हें तेरणेवरील धरणाचें गांव आहे. त्याच्या आसपासच्या एका लहान गांवीं मी अशाच समारंभास गेलों होतों. तेथील शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठीं माकणीस जावें लागतें. त्या दिवशीं सर्वांत चांगली बोलली ती एका शेतमजुराची मुलगी. मीं तिला जवळ बोलावून विचारलें, "बाळ, पुढें माकणीलाच जाणार ना?" ती मान खालीं घालून म्हणाली, "न्हाई गुरुजी. बा म्हनतो, बास झालं आता." तिच्या हातांतील पेढा तसाच होता.

अध्ययन संपवून घरीं परतणाऱ्या शिष्याच्या संस्कारास आपल्या शास्त्रांत समावर्तन म्हणतात. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लींत अशा वेळचा गुरूचा उपदेश आहे. सत्य आणि धर्म यांच्याबरोबरच स्वाध्यायाविषयींहि हयगय करूं नकोस, असें गुरु तेथें बजावितात. ज्याचें अध्ययन पुरें झालें त्यालाहि ही आज्ञा. मग जिचें नुकतेंच सुरू झालें, तिला आपण हार घालून कायमची घरीं धाडावी काय? सातवीचा निरोप हें समावर्तन नव्हे, प्रस्थान आहे.

कायदाहि हेंच सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास आठवीपर्यंतचें शिक्षण विनामूल्य मिळालेंच पाहिजे. खेड्यांतील मुलींस बारावीपर्यंत एस. टी.चा पासहि विनामूल्य मिळतो. परंतु अनेक गांवच्या शाळा सातवीलाच थांबतात, आणि नेमक्या त्या सांध्यावर मुली गळतात.

आपल्या तालुक्यास हा प्रश्न नवा नाहीं. निजामी राजवटींत वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू. १९१८ सालीं निघालेलें उस्मानिया विद्यापीठहि उर्दूच. मराठी मुलास पुढें शिकणें दुष्कर होतें. अशा काळीं १९२१ सालीं याच तालुक्यांतील हिप्परगा या खेड्यांत राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ म्हणून प्रसिद्ध झालेले व्यंकटेश खेडगीकर तेथें मुख्याध्यापक होते. आणि मराठी मुलुखांत सर्वत्रच गरीब विद्यार्थी वार लावून जेवत : सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. आपल्या आज्या-पणज्यांनीं वाढलेल्या त्या पानांवर कित्येक विद्वान् घडले.

असो. त्या मुलीच्या वडिलांस मी दुसऱ्या दिवशीं भेटलों. खर्चाची त्यांची तक्रार नव्हती. "शाळा सुटल्यावर गाडी येईपर्यंत पोर कुठं थांबंल, गुरुजी?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. मला त्याचें उत्तर देतां येईना. मीं तो माकणींतील एका परिचित घरीं सांगितला. चार भावांचें एकत्र कुटुंब, आणि घरांत सत्तरी उलटलेल्या आजी. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? आमच्या नातींबरोबर बसेल ओसरीवर. अभ्यासही होईल." सुनांनींहि आनंदानें होकार दिला. जूनमध्यें मुलगी आठवींत दाखल झाली. आतां ती नातींकडून इंग्रजी शिकते आणि त्यांना गणित समजावून देते, असें आजी कौतुकानें सांगतात.

वाचकहो, आपल्या घरांतून मुलानें हायस्कुलांत जाणें ही सहज गोष्ट झाली आहे. म्हणूनच ही विनंती. निरोपाच्या दिवशीं पेढे अवश्य वाटा. पण प्रत्येक मुलास, विशेषतः मुलीस, पुढची शाळा कोणती तें विचारा. उत्तर आलें नाहीं, तर कारण शोधा. कधीं कधीं तें एका ओसरीएवढेंच असतें.