आणीबाणी एका मतदानाने गेली का?

दरवर्षी २५ जून जवळ आला की आणीबाणीचा विषय निघतोच. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडच्या चौफुलीवर असो की वर्तमानपत्रात, गोष्ट दोन वाक्यांत सांगून संपते. इंदिराबाईंनी १९७५ला आणीबाणी लावली आणि लोकांनी १९७७ला त्यांना पाडलं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. २०२४मध्ये केंद्र सरकारने हा दिवस 'संविधान हत्या दिवस' म्हणून जाहीर केल्यापासून भाषणं वाढली, पण त्या दोन वाक्यांच्या मधलं आणि नंतरचं अजूनही कोणी सांगत नाही. सत्ताधारी घालवणं हे एक काम आणि सत्तेच्या हातातली हत्यारं काढून घेणं हे दुसरं. पहिलं काम पाच दिवसांच्या मतदानात झालं. दुसऱ्याला दोन वर्षं लागली आणि त्यातलं थोडं आजही बाकी आहे. ही दोन कामं एकच समजल्यामुळेच बहुतेक गैरसमज झाले आहेत.

'आधी आणीबाणी उठली, मग निवडणूक झाली'

क्रम उलटा आहे. इंदिरा गांधींनी १८ जानेवारी १९७७ला निवडणुकीची घोषणा केली. बहुतेक नेते सुटले, वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप सैल झाली, पण आणीबाणी कायम होती. १६ ते २० मार्च या काळात देशाने मतदान केलं ते आणीबाणीतच. रायबरेलीत राजनारायण यांनी पंतप्रधानांना ५५ हजारांवर मतांनी हरवलं, काँग्रेसचं बहुमत गेल्याचं स्पष्ट झालं आणि त्यानंतर, २१ मार्चला, १९७५ची आणीबाणी मागे घेतली गेली. तरीही आणखी एक आणीबाणी शिल्लक होती. बांगलादेश युद्धाच्या वेळी, डिसेंबर १९७१मध्ये लावलेली ती बाह्य आक्रमणाची आणीबाणी युद्ध संपूनही सुरूच राहिली होती. ती २७ मार्चला उठली, म्हणजे मोरारजी देसाईंच्या शपथविधीनंतर तीन दिवसांनी.

हे मतदान कोणी घेतलं, तेही पाहायला हवं. मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याने खटल्याविना स्थानबद्धतेचा हुकूम काढायचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला होता. तुरुंगात माणसं पाठवणारं जे कार्यालय, त्याच यंत्रणेने मतदान केंद्रं लावली, मतपत्रिका मोजल्या आणि सत्ताधाऱ्यांच्या पराभवाचे आकडे जाहीर केले. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातही मिसाबंदी होते. प्रतिबंधक कायद्याखाली आत असलेल्याला टपालाने मत देता येतं, ही तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्यात तेव्हाही होती. समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस तर तुरुंगातून उभे राहिले आणि मुझफ्फरपूरमधून तीन लाखांवर मताधिक्याने निवडून आले.

सत्ताबदल वेगळ्या वाटेनेही होतो. बांगलादेशात ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या, दुसऱ्या दिवशी संसद विसर्जित झाली आणि हंगामी सरकार आलं. आपल्याकडे यातलं काहीच झालं नाही. हरलेल्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला, कार्यवाहक राष्ट्रपती बी. डी. जत्तींनी तो स्वीकारला आणि कारभार पुढे चालू राहिला. त्या शांततेचा मला आदर वाटतो. पण तिची किंमतही होती, कारण कायदे तेच राहिले, यंत्रणाही तीच राहिली.

'सगळा देश एकजात काँग्रेसच्या विरोधात गेला'

उत्तर प्रदेशात ८५पैकी ८५ आणि बिहारमध्ये ५४पैकी ५४ जागा काँग्रेसने गमावल्या, म्हणून तसं वाटतं. आंध्रात मात्र काँग्रेसला ४२पैकी ४१ आणि कर्नाटकात २८पैकी २६ जागा मिळाल्या. महाराष्ट्र मधोमध होता. ४८पैकी २० जागा काँग्रेसकडे राहिल्या, २८ विरोधकांकडे गेल्या. त्या सगळ्या जनता पक्षाच्याही नव्हत्या. आपल्या जिल्ह्यात नाशिकची जागा शेतकरी कामगार पक्षाच्या विठ्ठलराव हांडे यांनी जिंकली, मालेगावची हरिभाऊ महाले यांनी. बीड आणि डहाणूत मार्क्सवादी कम्युनिस्ट निवडून आले. 'जनता पक्ष' रीतसर स्थापन झाला तोच मुळी १ मे १९७७ला. निवडणुकीत त्याचे उमेदवार भारतीय लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर उभे होते.

नसबंदीची सक्ती उत्तरेतच झाली, हाही याच्याच जोडीचा समज. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं राज्य महाराष्ट्र होतं, १९७६मध्ये. तीन मुलं झाल्यावर नसबंदी बंधनकारक करणारं ते विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि संमती न मिळाल्यामुळे कायदा झालं नाही. महाराष्ट्राने आपल्या पुरोगामीपणाबद्दल बोलताना हेही सांगितलं पाहिजे.

'महाराष्ट्रातही लगेच सरकार बदललं'

बदलला तो मुख्यमंत्री, पक्ष नाही. मे १९७७मध्ये शंकरराव चव्हाणांच्या जागी वसंतदादा पाटील आले आणि काँग्रेसचंच सरकार चालू राहिलं. केंद्राने एप्रिलअखेर नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या, त्यात महाराष्ट्र नव्हता. आपली विधानसभा १९७२ची, तिची पाच वर्षं मार्च १९७७मध्येच भरत होती. पण आणीबाणीतल्या ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांची मुदत पाचावरून सहा वर्षं केली होती. त्यामुळे ज्या राजवटीला मतदाराने मार्चमध्ये नाकारलं, तिच्याच दुरुस्तीच्या आधाराने मुंबईतली विधानसभा आणखी वर्षभर चालली.

विधानसभेचं मतदान २५ फेब्रुवारी १९७८ला झालं. २८८ जागांत जनता पक्ष ९९ जागा घेऊन पहिला आला, तरी सरकार त्याचं झालं नाही. फुटलेल्या काँग्रेसचे दोन्ही गट एकत्र आले आणि वसंतदादा पुन्हा मुख्यमंत्री झाले. जुलैमध्ये ते सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि तेव्हा कुठे जनता पक्ष राज्याच्या सत्तेत शिरला. दिल्लीत मार्च १९७७मध्ये झालेला बदल मंत्रालयात पोहोचायला सोळा महिने लागले.

'आता आणीबाणी लावताच येत नाही'

लावता येते. घटनेचं ३५२वं कलम जागेवर आहे. बदलली ती पद्धत, आणि हा बदल मला सगळ्या संक्रमणातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यातली प्रत्येक तरतूद १९७५ आणि ७६मधल्या एकेका जखमेवर बोट ठेवते.

२५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली ती पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून. मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. ४४व्या घटनादुरुस्तीने ही वाट बंद केली. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करू शकत नाहीत. १९७५चं कारण होतं 'अंतर्गत अशांतता', म्हणजे मोर्चालाही लावता येईल असा ढगळ शब्द. त्याच्या जागी 'सशस्त्र बंड' आलं. संसदेची मंजुरी दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात हवी, तीही विशेष बहुमताने, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा हवी. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी मागणी केली तर आणीबाणी नामंजूर करण्यासाठी खास बैठक बोलवावी लागते.

एप्रिल १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला होता की, आणीबाणीत मिसाबंद्याला आपली अटक बेकायदा आहे म्हणून न्यायालयात दादच मागता येणार नाही. विरोधात उभे राहिलेले एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून धाकट्याला दिलं गेलं. ४४व्या दुरुस्तीने सांगितलं की जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही. लोकसभा आणि विधानसभांची मुदतही पुन्हा पाच वर्षांवर आली.

पण याच दुरुस्तीचं तिसरं कलम आजपर्यंत लागू झालेलं नाही. खटला न चालवता माणसाला सल्लागार मंडळाच्या मताशिवाय किती दिवस आत ठेवता येईल, ही मुदत त्याने तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली होती आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमायला सांगितलं होतं. केंद्राने अधिसूचना काढली की ते लागू होणार. १९७९पासून कितीतरी पक्षांची सरकारं आली, आणीबाणीत तुरुंगात गेलेले नेते पंतप्रधान झाले, उपपंतप्रधान झाले, तरी ती अधिसूचना कोणी काढली नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न गेला, तेव्हा सरकारला तसा हुकूम देता येणार नाही असं न्यायालयाने डिसेंबर १९८१मध्ये सांगितलं. मिसा १९७८मध्ये रद्द झाला, १९८०मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, १९८१मध्ये महाराष्ट्राचा एमपीडीए हा स्थानबद्धतेचा कायदा. 'एमपीडीएखाली स्थानबद्ध' ही बातमी नाशिकच्या वर्तमानपत्रांत आपण नेहमी वाचतो. ती ज्या मुळावर उगवते ते मूळ १९७७ने उपटलं नाही.

'जनता सरकार पडलं, म्हणजे सगळं वाया गेलं'

जुलै १९७९मध्ये मोरारजींचं सरकार गेलं, जानेवारी १९८०मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागांसह परत आल्या. ४४वी दुरुस्ती मात्र त्यांनी उलटवली नाही. राज्यसभेत काँग्रेसचं बळ होतं, त्यामुळे ती दुरुस्ती जनता पक्षाला एकट्याला करताच आली नसती. राज्यसभेने तिची पाच कलमं गाळलीही. जी उरली ती दोन्ही बाजूंच्या मतांनी उरली, म्हणून टिकली. असंच स्पेनमध्येही घडलं. हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर पहिली मोकळी निवडणूक जून १९७७मध्ये झाली आणि नव्या राज्यघटनेवर जनमत डिसेंबर १९७८मध्ये घेतलं गेलं. तिथेही निवडणूक आणि राज्यघटना यांच्यात दीड वर्ष गेलं, आणि तिथेही जुन्या राजवटीतली माणसं वाटाघाटीला बसली होती.

'हे सगळं दिल्लीचं, गावात काय झालं?'

गावाकडे बदल फारच उशिरा आला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९७२ला झाल्या, पुढच्या थेट १९७९ला, आणि त्यानंतरच्या १९९२ला. म्हणजे आणीबाणी गेल्यावरही तेरा वर्षं शेतकऱ्याला आपल्या गटातून सदस्य निवडता आला नाही. लोकसभेची मुदत वाढवली त्यावर टीका झाली, इथल्या तेरा वर्षांबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

बोलल्या त्या बाया, आणि त्या चांदवडला बोलल्या. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन इथे भरलं. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या हाकेवर महाराष्ट्रभरातून शेतकरी बाया आल्या. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या निवडणुका बायकांनीच लढवायच्या, राखीव जागांपुरत्या नव्हे तर सगळ्या जागा, असा कार्यक्रम त्यातून पुढे आला. गावोगाव तयारी झाली आणि सरकार निवडणुका पुढे ढकलत राहिलं. ज्यांना उभं राहायचं होतं त्यांच्यासाठी मतपेटीच आली नाही.

अखेर ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३पासून पंचायत राज्याला पाच वर्षांची मुदत घटनेतच बांधून दिली आणि महाराष्ट्रात १९९४मध्ये स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला. तरीही नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. कारण सांगितलं गेलं ओबीसी आरक्षणाच्या आणि गटरचनेच्या वादाचं. राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ला बजावलं, तेव्हा चांदवडच्या गटांना निवडून दिलेला सदस्य नसल्याला तीन वर्षं उलटून गेली होती.