भरलेला पोर्क रोस्ट: भीती कशाची, काळजी कशाची

मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांत आणि गोव्यात नाताळाला किंवा लग्नाला सारण भरून भाजलेलं अख्खं पिल्लू मानाचं समजतात. हल्ली इतर घरांतही ओव्हन आले, कोल्ड स्टोरेजच्या दुकानात बिनहाडाचं पोर्क मिळू लागलं, आणि पाहुण्यांसाठी दीड-दोन किलोचा भरलेला रोस्ट करून बघावा असं पुष्कळांना वाटतं. त्यांच्याशी बोलताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्याला भ्यायचं कारण नाही त्याला लोक भितात, आणि जिथे खरोखर सांभाळायला हवं तिथे निर्धास्त असतात.

सगळ्यात मोठी भीती मेंदूतल्या गाठींची. पोर्क खाल्लं की जंत डोक्यात जातो, असं सुशिक्षित माणसंही सांगतात. टीनिया सोलियम या पट्टकृमीच्या अळ्या असलेलं मांस अर्धकच्चं खाल्लं, तर कृमी वाढतो तो आतड्यात. मेंदूत गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ती अंडी येतात कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून: दूषित पाणी, नीट न धुतलेली कच्ची भाजी, अस्वच्छ हात यांच्यामार्फत. म्हणूनच जन्मात कधी मांस न खाल्लेल्यांनाही हा आजार होतो. अर्थात याचा अर्थ कच्चं पोर्क खपवून घ्यावं असा नाही. घरातल्या एकाच्या आतड्यात कृमी असेल, तर त्याची अंडी साऱ्या घराला बाधू शकतात. मांस पूर्ण शिजवणं आणि हात साबणाने धुणं, दोन्ही हवंच.

व्हिनेगर-मसाल्यात रात्रभर मुरवलं की सगळे जंतू मरतात, यावर मात्र विसंबू नका. मसाला आणि आंबटपणा वरच्या काही मिलिमीटरांपलीकडे फारसे जात नाहीत. खोलवर जातं ते मीठ.

दुसरा समज रंगाचा. आत जराही गुलाबी दिसलं तर कच्चं आणि पांढुरकं झालं की शिजलं, असं मानून मांस पार कोरडं करून टाकतात. यामागे ट्रिकिनेला या कृमीची जुनी धास्ती आहे. तो सुमारे ५८ अंश सेल्सिअसलाच मरतो. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ मध्ये अखंड तुकड्यासाठीची मर्यादा ७१ अंशांवरून ६३ वर आणली, आणि त्यानंतर किमान तीन मिनिटं मांस तसंच ठेवायला सांगितलं. ६३ अंशांना मांस किंचित गुलाबी राहू शकतं. उलट पुरेसं शिजण्याआधीच रंग उतरलेलं मांसही असतं. त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही. सुईसारखा टोचायचा थर्मामीटर घ्या; या पदार्थासाठी मी तो पातेल्याइतकाच आवश्यक मानते.

पण ६३ हा आकडा वाचून लगेच निश्चिंत होऊ नका, कारण तो साध्या, न भरलेल्या तुकड्याचा आहे. सारण भरलं की हिशेब बदलतो. सारणाच्या ऐन मध्यभागी ७४ अंश यायला हवेत. ‘सारण तर आधीच परतून घेतलंय, मग आणखी काय शिजायचंय?’ असं विचारतात. भाजताना कच्च्या मांसाचा रस पाझरतो आणि सारणातला पाव तो शोषून घेतो. वर सारण असतं सर्वांत आत, म्हणजे उष्णता तिथे सगळ्यात शेवटी पोहोचते. ते ७४ वर येईतो भोवतालचं मांस त्याहून तापलेलं असतं. भरलेला रोस्ट कोरडा होतो तो इथे, आणि उपायही इथेच करायला हवेत.

पाठीचा तुकडा, म्हणजे लॉइन, दिसायला देखणा पण चरबीला कमी. तो घ्यायचाच तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवावा; मिठामुळे मांस पाणी धरून ठेवतं. खाटकाकडून तो पुस्तकासारखा उघडून घ्यावा, सारणाचा थर बोटभराहून जाड नको. माझं मत विचाराल तर मानेकडचा, आत चरबीच्या रेषा असलेला तुकडा जास्त सोसतो. सारण गरम असतानाच भरा, सुती दोऱ्याने बांधा आणि लगेच १६० अंशांच्या ओव्हनमध्ये घाला. आदल्या रात्री भरून फ्रिजमध्ये ठेवण्याची सोय मोहात पाडते, पण टाळा: गार होत जाणारं कोमट सारण जंतूंना सोयीचं असतं.

आधी तव्यावर डागून घेतलं की रस आत कोंडला जातो, हा समज युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८४७च्या पुस्तकातून पसरला. तो खरा नाही. डागलेल्या मांसातूनही रस निघतोच. तरी डागावं, कारण खमंग वास आणि तपकिरी रंग तिथेच येतो. त्यासाठी पृष्ठभाग कोरडा हवा. कच्चं मांस नळाखाली धुतलं तर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. कागदाने टिपून घेणं पुरे.

किलोला इतकी मिनिटं हे गणित पाहुण्यांची वेळ ठरवायला उपयोगी, रोस्ट झाला की नाही हे ठरवायला नाही. तुकड्याची जाडी, सारणाचा थर, प्रत्येक ओव्हनची तऱ्हा वेगळी. जेवणाच्या वेळेआधी पाऊण तास हाताशी ठेवा. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं न कापता राहू द्या, मग दोरा काढून बोटभर जाडीचे काप करा. उरलेला रोस्ट मात्र गप्पांच्या नादात टेबलावर राहू देऊ नका: दोन तासांच्या आत, आणि उकाड्याच्या दिवसांत तासाभरातच, सारण वेगळं काढून दोन्ही फ्रिजमध्ये ठेवा.